बुडालेली बाटली काय सांगते?

इंग्लंड-अमेरिकेत काही लोकांना एक वेगळाच छंद असतो. सुट्टीच्या दिवशी ते पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून नदीच्या नाहीतर बंदराच्या तळाशी जातात आणि जुन्या काचेच्या बाटल्या शोधतात. जुने धक्के, होड्या लागण्याच्या जागा, पुलांच्या खालचा भाग ही त्यांची आवडती ठिकाणे. कारण सरळ आहे. शंभर-दोनशे वर्षांपूर्वी रिकामी बाटली पाण्यात भिरकावणे हीच कचरा टाकण्याची रीत होती. लाकूड कुजते, लोखंड गंजते, पण काच गाळात पडून राहते. अशा ठिकाणी पाणी इतके गढूळ असते की बऱ्याचदा डोळ्यांनी काहीच दिसत नाही. हाताने गाळ चाचपत जायचे आणि बोटांना गोल, गुळगुळीत काही लागले की ओढून काढायचे.

सुरगाण्यातल्या काही शिक्षकांबरोबर बोलताना हा विषय निघाला, तेव्हा पहिला प्रश्न आला तो असा: "समुद्र आमच्यापासून लांब. या पाणबुड्यांचे आमच्या पोरांना काय?" प्रश्न रास्त होता. पण नार आणि पार या नद्या याच डोंगरांतून निघून पश्चिमेला उतरतात आणि त्यांचे पाणी शेवटी अरबी समुद्रालाच मिळते. शिवाय पाणबुड्याचे सगळे विज्ञान एका गोटी सोड्याच्या बाटलीत सापडते, असे आमचे मत आहे. म्हणून सुरुवात तिच्यापासूनच करू.

गोटी सोड्याची बाटली हायरम कॉड या इंग्रज माणसाने शोधली. तिचे पेटंट १८७२ चे. त्याआधी सोड्याच्या बाटलीला बूच असे. बूच वाळले की आक्रसते आणि वायू निसटतो. बूच ओले राहावे म्हणून बाटली आडवी ठेवावी लागे. ती कोणी उभी ठेवूच नये, यासाठी काही कारखानदार तिचा बूड चक्क अंड्यासारखा गोल करीत! कॉडने बूचच काढून टाकले. मानेत एक काचेची गोटी आणि तोंडाशी रबराचे कडे. बाटली भरून उलटी केली की गोटी तोंडाशी येते आणि आतला वायू तिला रबरावर दाबून धरतो. म्हणजे जो वायू बाहेर पडू पाहतो तोच दार लावून घेतो. अंगठ्याने किंवा लाकडी दट्ट्याने गोटी आत ढकलली की दार उघडते. मानेला जे दोन खळगे असतात ते शोभेसाठी नसतात. ओतताना गोटी त्यांत अडकते आणि पुन्हा तोंडाशी येत नाही. इंग्लंडमधून ही बाटली कधीच गेली. आपल्याकडे आणि जपानमध्ये मात्र ती टिकून राहिली.

गोटी ढकलल्यावर काय होते ते मुलांना नीट बघायला सांगा. बंद बाटलीत एकही बुडबुडा दिसत नाही. दार उघडताच पाणी फसफसते. बुडबुडे आले कुठून? दाबाखाली वायू पाण्यात जास्त विरघळतो. दाब एकदम गेला की तेवढा वायू विरघळलेला राहू शकत नाही आणि तो बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येतो.

आता पाणबुड्याकडे वळू. पाण्याच्या पृष्ठभागावर आपल्या अंगावर हवेचा एक वातावरणाचा दाब असतो. पाण्यात खाली जाताना दर १० मीटरला आणखी एका वातावरणाची भर पडते. १० मीटरवर दाब दुप्पट, २० मीटरवर तिप्पट, ३० मीटरवर चौपट. बॉइलच्या नियमाप्रमाणे तापमान तेच असेल तर दाब दुप्पट झाल्यावर हवेचे आकारमान निम्मे होते. श्वास रोखून बुडी मारणाऱ्याच्या छातीत ६ लिटर हवा असली, तर १० मीटरवर ती ३ लिटर होते आणि ३० मीटरवर दीड लिटर.

मग लांब नळी घेऊन वरची हवा ओढली तर? पुष्कळ मुले हे सुचवतात, आणि सुचवायलाच हवे. पण थोड्याच खोलीवर छातीवर पाण्याचा दाब इतका असतो की वरची साध्या दाबाची हवा आत ओढण्याची ताकद स्नायूंना उरत नाही. हवा द्यायची तर भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाने दिली पाहिजे. हे काम आपोआप करणारी झडप जाक कूस्तो आणि एमिल गान्याँ या फ्रेंच जोडीने १९४३ मध्ये तयार केली. श्वास घेतला की ती उघडते आणि त्या खोलीवर लागेल तेवढ्याच दाबाची हवा देते. स्कूबा म्हणतात तो हाच प्रकार.

इथे वर्गात एक गणित घालता येते. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० वातावरण दाबाने हवा भरली, तर ती साध्या दाबाची २४०० लिटर हवा झाली. मिनिटाला २० लिटर लागते असे धरू. पृष्ठभागावर ती १२० मिनिटे पुरेल. १० मीटरवर प्रत्येक श्वासात दुप्पट हवा जाते, म्हणजे ६० मिनिटे. ३० मीटरवर फक्त ३०. प्रत्यक्षात पाणबुड्या काही हवा राखून ठेवतो, त्यामुळे त्याहूनही कमी. गाळात हात घालून बाटल्या शोधणाऱ्याला या आकड्याचा विसर पडला तर तो वर येत नाही.

खरा धोका खाली जाण्यात नसून वर येण्यात आहे. खोलवर दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात आणि मांसात विरघळत जातो, सोड्यातल्या वायूसारखाच. झटकन वर आले की दाब उतरतो आणि अंगात बुडबुडे होतात. सांधे भयंकर दुखतात, कधी लकवा होतो, कधी मृत्यू. (रॉबर्ट बॉइलने १६७० मध्ये निर्वात भांड्यात ठेवलेल्या एका सापाच्या डोळ्यात बुडबुडा पाहिल्याची नोंद केली होती. पाणबुड्यांचा हा आजार माणसांत दिसायला त्यानंतर जवळजवळ दोन शतके लागली.) म्हणून पाणबुड्या मिनिटाला ९-१० मीटरपेक्षा वेगाने वर येत नाही आणि ५ मीटरवर काही मिनिटे थांबतो. गोटी एकदम न ढकलता सोडा हळूहळू उघडावा, तसे. दुसरा नियम याहून कडक आहे: सिलिंडरची हवा घेतल्यावर वर येताना श्वास कधीच रोखायचा नाही. १० मीटरवर भरलेली छाती वर येईतो दुप्पट फुगू पाहते, आणि फुप्फुस फाटायला तेवढेही लागत नाही.

हाच दाब विहिरीत मोजता येतो. सरळ भिंतीची काचेची बाटली घ्या. शाईच्या आडव्या रेघा मारलेली कागदाची पट्टी आतून उभी चिकटवा. मानेला दगड बांधून बाटली तोंड खाली करून दोराने भरल्या विहिरीत सोडा. दोरावर मीटरच्या खुणा असू द्या. ५ मीटरवर दाब दीडपट होतो, म्हणून आतली हवा दोन-तृतीयांश उरली पाहिजे. बाटली वर काढून शाई कुठपर्यंत पसरली ते बघा आणि तेवढे पाणी भरून मापाने मोजा. कागद थोडे पाणी वर ओढतो, तेव्हा उत्तर अगदी बरोबर येणार नाही. का येत नाही, हे मुलांनाच शोधू द्या.

दोर मात्र शिक्षकांनीच धरावा, आणि विहिरीला कठडा असावा. उन्हाळ्यात पाण्यासाठी विहिरीत उतरणे सुरगाणा-पेठ भागातल्या माणसांना नवे नाही, म्हणून एक गोष्ट ठासून सांगतो. न वापरलेल्या विहिरीच्या तळाशी प्राणवायू कमी असू शकतो. विहिरीत इंजिन चालवले असेल तर तिथे विषारी धूर साठतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. एक माणूस बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. जुनी बाटली दिसली म्हणून कोणी विहिरीत, तळ्यात किंवा नदीच्या डोहात उतरू नये. आमच्या उपक्रमाला लागणाऱ्या बाटल्या माळ्यावर, परसात आणि भंगारवाल्याकडे भरपूर मिळतात.

त्या बाटल्या वाचायच्या कशा? बुडावर खडबडीत वर्तुळाकार वण असेल, तर फुंकनळीने फुगवलेली बाटली लोखंडी सळईला चिकटवून तोंड घडवल्याची ती खूण. अशा बाटल्या बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याआधीच्या. दोन्ही बाजूंना साच्याची रेघ असेल तर ती बोटाने वर वर शोधा. रेघ मानेवरच संपत असेल तर तोंड हाताने घडवले आहे. ती थेट ओठावरून जात असेल तर बाटली यंत्राची. अमेरिकेत मायकेल ओवेन्सने १९०३ च्या सुमारास पूर्ण स्वयंचलित यंत्र आणले, त्यानंतरची. पत्र्याचे दातेरी झाकण बसेल असा ओठ असेल तर ती १८९२ च्या आधीची नाही. गडद हिरवा रंग बहुतेक वाळूतल्या लोहाचा. आपल्याकडची नावेही बघावीत. तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ मध्ये निघाला, आणि कराडजवळ ओगलेवाडीला ओगले यांचा त्यानंतर काही वर्षांनी.

पण आकडे वाचताना जपून. गोव्याजवळ सेंट जॉर्ज रीफ या खडकाळ भागात बुडालेल्या एका जहाजाच्या अवशेषांत कौले आणि नळ सापडले. त्यांवर बासेल मिशनच्या कौल कारखान्याचे नाव आणि १८६५ हा आकडा उमटवलेला होता. १८६५ हे मंगळूरच्या कारखान्याच्या स्थापनेचे साल. तेव्हा जहाज १८६५ नंतर बुडाले एवढेच म्हणता येते, १८६५ साली बुडाले असे नाही. बाटलीवरच्या पेटंटच्या सालाचेही तेच.

गोव्यातलेच दुसरे उदाहरण आम्हाला जास्त मोलाचे वाटते. दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनी सुंची रीफजवळ सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमाराचे एक पोर्तुगीज जहाज शोधले. तिथे लोखंडी नांगर, तोफांचे तुकडे, चिनी भांड्यांच्या खापऱ्या, घडवलेले दगड, हस्तिदंत आणि पाणघोड्यांचे दात मिळाले. आणि काचेच्या बाटल्यांचे बूडही. पाणघोडा आपल्याकडे नाही, तो आफ्रिकेचा. म्हणजे जहाजावर आफ्रिकेतला माल होता. आता कल्पना करा की एखाद्या छांदिष्टाने आधीच येऊन फक्त बाटल्या उचलून नेल्या असत्या. त्याच्या कपाटात एक जुनी काच राहिली असती, आणि ती कोणाबरोबर, कुठल्या थरात, कुठल्या मालाशेजारी पडली होती हे कायमचे पुसले गेले असते. पाण्याखालच्या जागेचे उत्खनन एकदाच होते. म्हणून या छंदाबद्दल आमचे मत फारसे चांगले नाही. नदीतल्या सुट्या कचऱ्याची गोष्ट वेगळी, पण बुडालेल्या जहाजाला हात लावणे वेगळे. आपल्या कायद्यातही हे आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला कळवावे लागते. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या वस्तू पुरावस्तू ठरू शकतात आणि त्या खाजगीरीत्या परदेशी नेता येत नाहीत.

बाटली वर काढली म्हणजे ती वाचली, असेही नाही. पाण्यात वर्षानुवर्षे पडलेल्या काचेतून सोडियम हळूहळू निघून जातो आणि वर पापुद्र्यांसारखे पातळ थर तयार होतात. त्यांच्यावरून परावर्तित होणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून इंद्रधनुष्याचे रंग दिसतात, साबणाच्या फुग्यावर दिसतात तसे. समुद्रातली अशी बाटली उन्हात वाळवली तर आत मुरलेल्या मिठाचे स्फटिक वाढतात आणि थर सुटून येतात. म्हणून ती ओलीच ठेवतात आणि गोडे पाणी पुन्हा पुन्हा बदलून मीठ काढतात.

वर्गासाठी दोन कामे. गावातल्या जुन्या घरांची कौले उतरवली जातात तेव्हा त्यांच्या पाठीवरची नावे उतरवून घ्या आणि कौल कोणत्या घराचे, घर कधीचे, कौले कुठून आणली हे म्हाताऱ्या माणसांना विचारा. दुसरे काम गोटी सोड्याचे. भरलेल्या बाटलीत ४ वातावरणाचा दाब आहे असे समजा. ती समुद्रात पडून खाली खाली गेली, तर किती मीटरवर गोटी आपोआप आत पडेल? आणि तीच बाटली समुद्राऐवजी हजार मीटर उंचीवरच्या तळ्यात पडली, जिथे हवेचा दाब सुमारे ११ टक्क्यांनी कमी असतो, तर ती खोली वाढेल की कमी होईल?