सरकारी दप्तरातली वंशावळ

एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स वसाहतीत सरकार थंडीच्या तोंडावर मूलनिवासींना, म्हणजे ॲबोरिजिनल लोकांना, ब्लँकेट वाटत असे. वाटपाबरोबर एक तक्ता भरला जाई. इंग्रजी नाव, मूळ नाव, अदमासे वय, बायका किती, मुलगे किती, मुली किती, टोळी कोणती, वावर कुठल्या भागात. माल कोणाला गेला आणि कुठे किती माणसे आहेत हे वर कळावे, एवढाच त्याचा हेतू. आज त्याच तक्त्यातला ‘मूळ नाव’ हा रकाना वंशज बोट ठेवून वाचतात, कारण खापरपणजोबांचे त्यांच्या स्वतःच्या भाषेतले नाव अनेकदा दुसऱ्या कुठल्याच कागदावर सापडत नाही. आपल्याकडे घराण्याचा शोध घेणारा त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांकडे जातो. तिथल्या वहीतले नाव त्याच्याच पूर्वजाने पुढच्या पिढ्यांसाठी आपण होऊन सांगितलेले असते. ॲबोरिजिनल कुटुंबांच्या नोंदी अशा कोणी सांगून लिहवलेल्या नाहीत. त्या त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्यांनी आपल्या सोयीसाठी केल्या. म्हणून माझे म्हणणे असे, की हा सरकारी कागद त्या कुटुंबांच्या हाती पडलाच पाहिजे, पण त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करावे, न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवू नये. आणि जिथे कागदच नाही, तिथे त्याचा जाब तो न लिहिणाऱ्याला किंवा न जपणाऱ्याला विचारावा.

हे दप्तर एवढे मोठे का झाले, ते त्या काळच्या कायद्यांत दिसते. व्हिक्टोरियाचा १८६९ चा, क्वीन्सलँडचा १८९७ चा, पश्चिम ऑस्ट्रेलियाचा १९०५ चा आणि न्यू साउथ वेल्सचा १९०९ चा, हे सगळे ‘संरक्षणा’चे कायदे. कोणी कुठे राहायचे, कुठे काम करायचे, कोणाशी लग्न करायचे, यांतल्या कितीतरी गोष्टींना संरक्षक अधिकाऱ्याची किंवा मंडळाची परवानगी लागू लागली. जिथे परवानगी तिथे अर्ज, अर्जावर शेरा, शेऱ्याची जावक नोंद. क्वीन्सलँडमध्ये तर मजुरीसुद्धा सरकार आपल्या ताब्यातल्या खात्यात ठेवत असे आणि स्वतःच्या घामाचे पैसे काढायला मजुराला संरक्षकाची, म्हणजे बहुतेक वेळा गावच्या पोलीस अधिकाऱ्याची, मंजुरी घ्यावी लागे. हा पैसा बुडाल्याबद्दलचा सामुदायिक दावा २०१९ मध्ये १९ कोटी डॉलरवर मिटला. न्यू साउथ वेल्समध्ये १९१५ च्या दुरुस्तीने मंडळाला न्यायालयात न जाता मूल काढून घेण्याचा अधिकार मिळाला. १९९७ च्या ‘ब्रिंगिंग देम होम’ या राष्ट्रीय चौकशी अहवालाने १९१० ते १९७० या काळात मूलनिवासींच्या दर तीन ते दहा मुलांमागे एक मूल असे नेले गेल्याचा अंदाज दिला. याच काळात त्या देशाच्या राज्यघटनेचे १२७ वे कलम सांगत होते, की लोकसंख्येच्या हिशेबात मूलनिवासींना धरू नये. १९६७ च्या सार्वमताने ते रद्द झाले.

अशा दप्तरात आपले माणूस हुडकायचे तर पहिली अडचण नावाची. मुलांची नावे बदलली गेली, जन्मतारखा अंदाजाने घातल्या गेल्या, न्यू साउथ वेल्समधल्या किंचेलाच्या मुलांच्या वसतिगृहात तर पोरांना आकड्यांनी हाक मारत. दुसरी अडचण नात्यांची आहे आणि ती मराठी वाचकाला चटकन कळेल. काका, मामा, मावसोबा या सगळ्यांना इंग्रजीत ‘अंकल’ या एकाच शब्दात कोंबावे लागते. ॲबोरिजिनल समाजांत नाती याहून वेगळी बांधलेली. अनेक ठिकाणी वडिलांचे भाऊ हे वडीलच आणि आईच्या बहिणी या आयाच. कारकुनाने ‘आई’ म्हणून एक नाव लिहिले, तर ती जन्मदाती की मावशी हे त्याला ठाऊक नसे, आणि त्याने विचारलेही नसेल. नॉर्मन टिंडेल आणि जोसेफ बर्डसेल यांनी १९३८-३९ मध्ये देशभरच्या वस्त्यांवर फिरून छायाचित्रांसह वंशावळी टिपल्या. त्या आज ॲडलेडच्या साउथ ऑस्ट्रेलियन म्युझियममध्ये आहेत. टिंडेल तरी नाती विचारून लिहीत होता. पण त्या मोहिमेत माणसांची शरीरमापेही घेतली गेली आणि कोणात किती ‘मिश्र रक्त’ आहे याचेही गणित मांडले गेले. आजीचा एकुलता एक फोटो ज्या संग्रहात मिळतो, तिथेच तिच्या रक्ताचा अपूर्णांकही मिळतो.

अशा कागदाला न्यायाधीश केले की काय होते? पीटर गनर यांना १९५६ मध्ये लहानपणी ॲलिस स्प्रिंग्जच्या वसतिगृहात नेले गेले. त्यांच्या फाइलीत आईच्या नावे संमतीचा छापील नमुना निघाला, खाली अंगठा. मुलाला युरोपीय पद्धतीचे शिक्षण मिळावे अशी आपली इच्छा आहे, असे त्यात आईच्या तोंडी घातले होते, आणि तेही सरकारी इंग्रजीत. त्यांनी आणि लहानपणी अशाच नेल्या गेलेल्या लॉर्ना क्युबिलो यांनी केलेला दावा २००० मध्ये फेटाळला गेला, आणि गनर यांच्या बाबतीत तो अंगठा निर्णायक ठरणाऱ्या पुराव्यांपैकी एक होता. यॉर्टा यॉर्टा लोकांच्या जमिनीच्या दाव्यातही तेच. १९९८ च्या निकालात एडवर्ड कर या एकोणिसाव्या शतकातल्या मेंढपाळ-जमीनदाराचे लिखाण वंशजांच्या तोंडी साक्षींपेक्षा वजनदार ठरले. दावेदारांच्याच पूर्वजांनी १८८१ मध्ये कसायला जमीन मागणारा अर्ज केला होता. त्यातून त्यांची परंपरा तुटल्याचे अनुमान काढले गेले. उपाशी माणसाने जमीन मागितली, तर तिच्याशी त्याचे नाते संपले असा अर्थ मला तरी लावता येत नाही. २००२ मध्ये सर्वोच्च पातळीवरही ते अपील हरले.

आता दुसरी फाइल पाहा. दक्षिण ऑस्ट्रेलियात १९५७ च्या नाताळच्या दिवशी ब्रूस ट्रेव्हरो या तेरा महिन्यांच्या बाळाला शेजाऱ्यांनी पोटदुखीसाठी ॲडलेडच्या रुग्णालयात नेले. दोन आठवड्यांच्या आत ते आईबापांना न विचारता एका गोऱ्या कुटुंबाकडे दिले गेले. १९५८ च्या जुलैत आईने पत्र लिहून बाळ कसे आहे, घरी कधी येईल, असे विचारले. उत्तर आले, की प्रकृती सुधारते आहे, पण उपचारांसाठी डॉक्टरांना त्याला अजून ठेवून घ्यायचे आहे. बाळ तेव्हा रुग्णालयात नव्हतेच. ही पत्रे न्यायालयासमोर आली. असे मूल नेण्याचा अधिकार तिथल्या संरक्षण मंडळाला नाही, हा सरकारी वकिलांचा जुना सल्लाही आला, आणि २००७ मध्ये ट्रेव्हरो यांना ५ लाख २५ हजार डॉलरची भरपाई मंजूर झाली. फरक पडला तो कागदाची उलटतपासणी झाल्याने.

यावर कोणी म्हणेल, की माणसाची आठवण विरते, रंगते, कागद तसा बदलत नाही. खरे आहे, पण जो खोटा लिहिला गेला तोही बदलत नाही. ट्रेव्हरोंच्या रुग्णालयातल्या नोंदीत बाळाला आईबाप नाहीत आणि त्याची आबाळ झाली आहे असे होते. आठवण आणि कागद एकमेकांशी ताडून पाहावेत, हा इतिहासाचा साधा नियम इथे दोन्ही बाजूंनी लागू करायला हवा. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. फाइलीत आजार, अनौरस संतती, कुणा गोऱ्या मालकाचे पितृत्व असे काहीही निघू शकते. ती उघडल्याने जिवंत माणसे दुखावतील. म्हणून ती सर्वांसाठी खुली करू नये हे मलाही मान्य आहे. पण ज्याचे आयुष्य तिच्यात बांधले आहे त्यालाच ‘तुला त्रास होईल’ म्हणून नाकारणे ही जुन्या संरक्षकांचीच भाषा झाली. वाचताना सोबत कोणी असावे, ही त्यावरची वाट. १९८० मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये सुरू झालेल्या ‘लिंक-अप’सारख्या संस्था नोंदी शोधतात, आणि कुटुंबाची भेट होईपर्यंत बरोबर राहतात. कागद आज हवा आहे तोही केवळ हळवेपणातून नव्हे. आपण ॲबोरिजिनल वंशाचे आहोत हे तिथे अनेक कामांसाठी दाखवावे लागते. ज्या सरकारने नाव पुसले त्याच्याच दारात नावाचा पुरावा मागायला जावे लागते, हे महाराष्ट्रातल्या विमुक्तांना सांगायला नको. गुन्हेगार जमाती कायद्याने त्यांच्या पणजोबांच्या हजेऱ्या घेतल्या, आणि आज दाखल्यासाठी त्यांच्याकडे १९६१ पूर्वीचे कागद मागतात.

सगळीच दप्तरे सारखी उरलेली नाहीत. न्यू साउथ वेल्सच्या मंडळाचा बराच पत्रव्यवहार गेला तो गेला. व्हिक्टोरियाचा पुष्कळसा टिकला, आणि तो मेलबर्नमध्ये राज्याच्या व राष्ट्रीय अशा दोन अभिलेखागारांत विभागलेला आहे. त्याची संयुक्त मार्गदर्शिका १९९३ मध्ये निघाली, ‘माय हार्ट इज ब्रेकिंग’ या नावाने. या फाइलींत सरकारी शेऱ्यांच्या खाली आवक टपाल आहे. कोरँडर्कसारख्या वस्त्यांवरच्या बायकांनी मंडळाला लिहिलेली पत्रे त्यात आहेत. मुलीला परत पाठवा, नवऱ्याला भेटू द्या, मला माझ्या माणसांत राहू द्या. १८६७ ते १९२६ या काळातल्या अशा पत्रांचे एक पुस्तकही २००२ मध्ये निघाले. अधिकाऱ्याने वर तारीख घातली, क्रमांक दिला, आणि नियमाप्रमाणे कागद जपून ठेवला. खाली सही त्या बाईची आहे, तिच्याच हाताची.