बिजाचा ग्लास आणि निळी झाक

नागपूरच्या एका वाचकांनी विचारलं आहे: "आई रात्री बिजाच्या ग्लासात पाणी भरून ठेवते आणि सकाळी उपाशीपोटी पिते. शुगर उतरली आहे. आता गोळी बंद करायची म्हणते. करू द्यावी का?"

गडचिरोली-गोंदियाच्या जंगलातला बिजा म्हणजेच बिबला, वैद्यांचा विजयसार. सालीला खाच मारली की रक्तासारखा लाल डिंक पाझरतो. मी नागपूरच्या इतवारी बाजारातून बिजाच्या लाकडाचा असाच एक ग्लास आणला. पहिल्या सकाळी पाणी कोऱ्या चहासारखं झालं होतं. ते काचेच्या पेल्यात ओतून काळ्या कापडासमोर उन्हात धरलं, तर कडेला निळी झाक! उन्हातला न दिसणारा अतिनील प्रकाश लाकडातली द्रव्यं शोषतात आणि निळा करून बाहेर टाकतात.

या निळाईने युरोपला एकेकाळी वेड लावलं होतं. मेक्सिकोहून येणाऱ्या अशाच एका लाकडाची नोंद स्पेनच्या मोनार्देस या वैद्याने 1565 मध्ये केली. मूत्रपिंडाच्या विकारांवर त्याचं पाणी प्यायचे. राजदरबारी त्याचे पेले भेट जात. 1664 मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइलने त्या पाण्यात आम्ल घातलं, निळा रंग गेला. अल्कली घातलं, तो परत आला. आणि गंमत अशी, की 1915 मध्ये सॅफर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञाने दाखवलं की ते पेले त्या मेक्सिकोच्या लाकडाचे नव्हे, तर फिलिपिन्सच्या 'नारा' झाडाचे होते. नारा हा आपल्या बिजाचा चुलतभाऊ! औषध म्हणून ते लाकूड मागे पडलं, पण त्याच्या पाण्यातल्या निळाईने प्रकाशाच्या अभ्यासकांना मोठं कोडं घातलं.

पाण्याला रंग आला म्हणजे औषध उतरलं, असं आपण धरून चालतो. काहीतरी उतरतं हे खरं. पण काय आणि किती? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची विजयसारावरची चाचणी 1998 मध्ये प्रसिद्ध झाली. मधुमेहाचं निदान नुकतंच झालेल्या 97 जणांपैकी 67 जणांची साखर 12 आठवड्यांत आटोक्यात आली. आकडा उत्साह वाढवणारा आहे, मलाही तो आवडतो. पण तिथे दिवसाला 2 ते 4 ग्रॅम असा मोजलेला डोस होता, ग्लासातलं पाणी नव्हे. शिवाय तुलनेला औषधाविना ठेवलेला गट नव्हता. त्याआधी बिजातल्या एपिकॅटेचिनने उंदरांच्या स्वादुपिंडातल्या पेशी पुन्हा वाढतात, असा दावा झाला होता. दुसऱ्या प्रयोगशाळांना तो पडताळता आला नाही.

आईची गोळी बहुधा मेटफॉर्मिनची असेल. तसं असेल, तर तिचं मूळही वनस्पतीतच आहे. युरोपातल्या गॅलेगा नावाच्या वनस्पतीतलं गॅलेजीन साखर उतरवायचं, पण ते विषारी निघालं. त्याचंच नातेवाईक असलेलं मेटफॉर्मिन 1922 मध्ये डब्लिनला तयार झालं आणि 1957 मध्ये फ्रान्सच्या ज्याँ स्तेर्न या डॉक्टरने त्याचे रुग्णांवरचे निष्कर्ष मांडले. झाडापासून गोळीपर्यंतची ती वाट कित्येक वर्षांच्या मोजमापाची होती. बिजाची तेवढी वाटचाल अजून झालेली नाही.

म्हणून गोळी बंद करू देऊ नका. ग्लासाबद्दल डॉक्टरांना जरूर सांगा. दोन्हींनी मिळून साखर फार खाली गेली, तर घाम, थरथर, भोवळ सुरू होते.

माझा ग्लास आता चौथ्या महिन्यात आहे. पाणी जेमतेम पिवळसर होतं, निळी झाक शोधावी लागते. पहिल्या आठवड्यात त्यात जेवढं उतरायचं, त्याचा किती हिस्सा आज उतरतो, हे मला सांगता येत नाही, आणि ग्लास विकणाऱ्यालाही नाही.