युरोमोंताना : डोंगरी युरोपची बाजू मांडणारी संघटना

युरोमोंताना ही युरोपातील डोंगरी भागांसाठी झटणारी संघटना. १९९६ साली स्थापन झालेल्या या संघटनेचे कार्यालय ब्रसेल्सला आहे. शेतकरी संस्था, प्रादेशिक शासने, विकास संस्था आणि संशोधन केंद्रे तिचे सदस्य आहेत. युरोपीय संघाचे कायदे जिथे घडतात तिथे डोंगरातल्या माणसाची बाजू मांडणे, हे तिचे मुख्य काम.

ही बाजू मांडावी लागते, कारण सपाटीवरचा हिशेब डोंगरात चालत नाही. आल्प्समधल्या तीव्र उतारांवर साधा ट्रॅक्टर चढत नाही. हाताने धरून चालवायच्या यंत्राने, कुठे कुठे तर लांब दांड्याच्या विळ्याने गवत कापावे लागते. उन्हाळा आखूड, आणि हिवाळाभर गोठ्यात बांधलेल्या गुरांचा चारा तेवढ्यातच साठवायचा. दूध गोळा करणारी गाडी घाट चढून विखुरलेल्या वस्त्यांवर जाते, पण त्या दुधाला बाजारात सपाटीवरच्या दुधाशीच टक्कर द्यावी लागते. शेतकऱ्याने कापणी सोडली, की कुरणात झुडपे माजतात. न कापलेले गवत आडवे पडते आणि त्यावरून बर्फ सहज घसरतो. वरची शेती टिकणे ही म्हणूनच खालच्या गावांचीही गरज आहे.

डोंगरी शेतीला भरपाई देणारा युरोपीय निर्देश १९७५ चा. २००९ मध्ये लागू झालेल्या लिस्बन करारानंतर युरोपीय संघाच्या कामकाजाविषयीच्या कराराच्या कलम १७४ मध्ये पर्वतीय प्रदेशांचा स्पष्ट उल्लेख आला. अनुदान हवेच, पण त्याने मालाला ओळख मिळत नाही. वेष्टनावर हिमशिखर छापायला कोणालाही जमते.

युरोमोंतानाने २००५ मध्ये डोंगरी अन्नपदार्थांची सनद मांडली ती याच प्रश्नावर. पुढे २०१२ च्या युरोपीय नियमाने ‘पर्वतीय उत्पादन’ या शब्दांना कायद्याचे संरक्षण मिळाले आणि २०१४ मध्ये तपशील ठरले. गाईगुरे, शेळ्यामेंढ्या यांच्या वार्षिक खाद्यात डोंगराबाहेरचा वाटा, कोरड्या वजनाने, ४० टक्क्यांहून अधिक चालत नाही. मधासाठी मधमाश्यांनी मकरंद आणि पराग डोंगरातूनच गोळा केलेला असावा लागतो.

यातली सर्वांत मोलाची अट प्रक्रियेची. दूध वर आणि चीजचा कारखाना खाली असला, तर रोजगार डोंगर सोडून जातो. म्हणून प्रक्रियाही डोंगरातच व्हावी, असा नियम आहे. दुधासाठी एक सवलत आहे, ती सदस्य देशांना नाकारता येते : डोंगरी क्षेत्रापासून ३० किलोमीटरच्या आत, ३ जानेवारी २०१३ रोजी चालू असलेले कारखाने चालतात. ही सवलत यापुढे वाढता कामा नये.