तीन अष्टमांश

लॅटिन-ग्रीक येत नाही म्हणून विद्यापीठाच्या परीक्षांपासून अडवला गेलेला सुताराचा मुलगा, पेशाने शाळामास्तर, योहानेस व्हॅन डर वाल्स याने 1873 साली लायडनमध्ये प्रबंध सादर केला. रेणू जागा व्यापतात आणि एकमेकांना ओढतात, एवढं धरून त्याने वायू आणि द्रव एकाच समीकरणात बसवले. या समीकरणाला एक क्रांतिक बिंदू आहे. त्याच्या पलीकडे वायू कुठला आणि द्रव कुठला हे सांगताच येत नाही. त्या बिंदूवर दाबाला दर रेणूमागच्या आकारमानाने गुणून तापमानाने भागलं, की योग्य एककांत उत्तर येतं 3/8. वायू कोणताही घ्या.

आता वळू कृष्णविवरांकडे; तिथे हे समीकरण पुन्हा भेटतं. कृष्णविवराला तापमान असतं, हे स्टीफन हॉकिंग यांनी 1974 मध्ये दाखवलं. 1983 मध्ये डॉन पेज यांच्यासह त्यांनी ऋण वैश्विक स्थिरांकाचं, म्हणजे रिकाम्या अवकाशाची ऊर्जा ऋण असलेलं विश्व घेतलं. हे विश्व बंद पेटीसारखं वागतं, प्रारण निसटू देत नाही. त्यात ठराविक तापमानाच्या वर नुसत्या प्रारणाऐवजी कृष्णविवर अधिक स्थिर ठरतं. म्हणजे चक्क अवस्थांतर! 1999 मध्ये अशाच विश्वातल्या विद्युतभारित कृष्णविवरांचे आलेख व्हॅन डर वाल्ससारखे निघाले. पण दाबाच्या जागी तिथे वेगळीच राशी येत होती. कृष्णविवराच्या उष्मागतिकीत दाब नव्हताच.

तो आणला 2009 मध्ये डेव्हिड कास्टर, सौर्य रे आणि जेनी ट्रॅशेन यांनी. वैश्विक स्थिरांकालाच त्यांनी दाब मानलं. स्थिरांक बदलू द्यायचा! माझ्या मते खरी धिटाई इथेच होती.

मग 2012 मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू इथे डेव्हिड कुबिझ्न्याक आणि रॉबर्ट मान यांनी भारित कृष्णविवराचा क्रांतिक बिंदू काढला. रेणूमागच्या आकारमानाच्या जागी त्यांनी क्षितिजाची त्रिज्या दुप्पट करून घेतली. लहान कृष्णविवर द्रवासारखं, मोठं वायूसारखं. क्रांतिक बिंदूजवळ राशी कशा बदलतात हे सांगणारे क्रांतिक घातांक जुळले, त्याचं फार नवल नाही; ते अनेक साध्या सिद्धांतांत तेच येतात. पण गुणोत्तर? भार कितीही घेतला तरी 3/8.

पाच मितींत मात्र तेच गुणोत्तर 5/12 होतं, तेव्हा साम्याला मर्यादा आहे. शिवाय आपल्या विश्वाचा वैश्विक स्थिरांक धन आहे. त्यामुळे आकाशातल्या कृष्णविवरांना हे अवस्थांतर जसंच्या तसं लागू होत नाही. आजवर ते फक्त कागदावर घडलं आहे.