ॲम्बॅसॅडर ते मारुती ८०० : दोन मोटारी, दोन औद्योगिक धोरणे

स्वातंत्र्योत्तर भारताच्या औद्योगिक धोरणातील स्थित्यंतरे समजून घेण्यासाठी ॲम्बॅसॅडर आणि मारुती ८०० या दोन मोटारींची तुलना उद्बोधक ठरते.

संरक्षणाची छाया

ब्रिटनमधील मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवर आधारलेली ॲम्बॅसॅडर १९५० च्या दशकाच्या अखेरीस पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे तयार होऊ लागली. १४८९ घन सेंटिमीटर क्षमतेचे चार सिलिंडरचे इंजिन, भक्कम पोलादी सांगाडा व प्रशस्त आसने ही तिची वैशिष्ट्ये. खराब रस्त्यांवर ती टिकाव धरी आणि गावोगावचे कारागीर तिची दुरुस्ती करू शकत. तथापि, तिच्या मूळ रचनेत अनेक दशके मोठा बदल झाला नाही. १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्यानुसार उत्पादनक्षमता वाढविण्यासाठी परवाना आवश्यक होता, तर आयातीवर कठोर निर्बंध होते. मुंबईत तयार होणारी प्रीमियर पद्मिनी वगळता तिला फारशी स्पर्धा नव्हती. ग्राहकच वर्षानुवर्षे प्रतीक्षा करीत असताना संशोधनावर खर्च करण्याची निकड उत्पादकाला भासत नसे.

बदलाचा प्रारंभ

१९८१ मध्ये मारुती उद्योग या सरकारी कंपनीची स्थापना झाली. १९८२ मध्ये जपानच्या सुझुकीशी करार झाला व डिसेंबर १९८३ मध्ये गुडगाव येथील कारखान्यातून मारुती ८०० बाहेर पडली. तिचे तीन सिलिंडरचे इंजिन अवघे ७९६ घन सेंटिमीटर क्षमतेचे होते. हलके वजन व पुढील चाकांना गती देणारी रचना यांमुळे इंधनाची बचत होई. याहून महत्त्वाचे म्हणजे, सुट्या भागांचे देशी पुरवठादार उभे राहिले आणि जपानी गुणवत्ता-व्यवस्थापनाच्या पद्धती भारतीय कारखान्यांत रुजल्या.

एक सावधगिरी

'उदारीकरणामुळे आधुनिक मोटार आली' असे उत्तर विद्यार्थी अनेकदा लिहितात. ते अपुरे आहे. मारुती ८०० ही १९९१ च्या आठ वर्षे आधीची असून तिच्यामागे शासनाचे भांडवल व धोरणात्मक पाठबळ होते. म्हणजे दोन्ही मोटारींना संरक्षण लाभले. फरक होता तो संरक्षणासोबत आलेल्या तंत्रज्ञानाचा आणि उत्पादनाच्या व्याप्तीचा. खुली स्पर्धा आली ती १९९३ मध्ये मोटार उद्योग परवानामुक्त झाल्यानंतर. १९९८ मध्ये ह्युंदाईची सँट्रो व टाटांची इंडिका बाजारात आल्या आणि मारुती ८०० हीच जुनी भासू लागली. एप्रिल २०१० मध्ये भारत स्टेज-४ ही उत्सर्जन मानके लागू झाली, त्या १३ महानगरांतून तिची विक्री थांबली.

२०१४ मध्ये दोन्ही मोटारींचे उत्पादन बंद झाले. संरक्षण उद्योगाला उभे राहण्यास अवधी देते. त्या अवधीत शिकण्याची सक्ती नसेल, तर त्याची किंमत ग्राहकाला आणि अखेरीस कारखान्यातील कामगारालाही मोजावी लागते. औद्योगिक संरक्षणाचे मूल्यमापन करताना हा निकष विसरता कामा नये.