नोंदवहीतील एक रकाना

१९७२ सालच्या जुलै महिन्यात, म्हणजे ज्या वर्षी पावसाने महाराष्ट्राकडे पाठ फिरविली त्याच वर्षी, चोपडे तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका उपकेंद्रावर साहाय्यक परिचारिका प्रसाविका या हुद्द्यावर मी रुजू झाले, तेव्हा माझ्या लोखंडी पेटीत चार पांढरी पातळे, एक कंदील, धुळ्याच्या प्रशिक्षणातील दोन वह्या आणि वडिलांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहून दिलेला, खाली माझी सही असलेला, परंतु तारखेची जागा कोरी ठेवलेला राजीनाम्याचा अर्ज, एवढे सामान होते. वडील अमळनेर तालुक्यात तलाठी होते. कोणतेही काम पत्करताना ते सोडण्याची तजवीज आधी कागदावर असावी, हा आपल्या दप्तराचा शिरस्ता त्यांनी माझ्या बाबतीतही पाळला. छत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर २००८ साली मी निवृत्त झाले. आता परिचर्या शिकणाऱ्या जळगाव-धुळ्याकडील मुली अधूनमधून घरी येतात आणि, इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर, बहुतेक सगळ्या एकच गोष्ट विचारतात : बाळंतपणाच्या कामाची भीती तुमच्या मनातून केव्हा गेली? चहा संपेपर्यंतच्या वेळात या प्रश्नाचे खरे उत्तर मला कधीच देता आलेले नाही.

भीती मला घरातच मिळाली होती. आईची धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणात दोन दिवस कळा देऊन गेली. त्या वेळी मी सहा वर्षांची होते आणि ओसरीवर बसून आतला आवाज ऐकत होते. आवाज थांबला तेव्हा मूल झाले असे मला वाटले. पुढे सोळा वर्षांनी माझ्या नेमणुकीचा हुकूम घरी आला, तेव्हा आई एवढेच म्हणाली, "ज्या उंबऱ्यावर सटवाई आणि यम एकाच रात्री येतात, त्या उंबऱ्यावर तू पगारासाठी जाऊन बसणार?" नातलगांची हरकत निराळी होती. गावगाड्यात सुईणपण बहुधा मातंग किंवा नाभिक घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांकडे असे. त्यांच्या हातांनी मूल जगात यावे, आणि त्या निघून गेल्यावर अंगण शेणाने सारवून त्यांचा विटाळ काढावा, या दोन गोष्टींत कोणालाही विसंगती दिसत नव्हती. तलाठ्याच्या मुलीने ते काम करावे, शिवाय रात्री-अपरात्री परक्या पुरुषाच्या गाडीत बसून करावे, म्हणजे तिच्या लग्नाची आशा सोडावी, असे आमच्या आप्तांचे म्हणणे होते. आणि ते अगदीच निराधार नव्हते, कारण माझ्याबरोबर शिकलेल्या दोघींची ठरलेली लग्ने याच कारणावरून मोडली.

धुळ्याच्या प्रशिक्षणात आमच्या शिक्षिका एक गोष्ट वारंवार सांगत. वयाच्या चौदाव्या वर्षी झालेला मुलगा अवघ्या दहा दिवसांत गमावल्यानंतर आनंदीबाई जोशी यांनी वैद्यकीचा ध्यास घेतला. १८८३ साली समुद्र ओलांडून त्या फिलाडेल्फियास गेल्या, १८८६ साली पदवीधर झाल्या, आणि पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र या विषयावर होता. स्वदेशी परतल्यावर एकाही बाळंतिणीच्या उशाशी बसण्याचे त्यांच्या नशिबी आले नाही. १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यास त्यांचे निधन झाले. आमच्या तापीच्याच मुखाशी, सुरतेस, डॉ. रखमाबाईंनी वर्षानुवर्षे स्त्रियांची वैद्यकी केली. आणि १९०९ साली रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन काढून विधवांना व परित्यक्तांना परिचर्येचे शिक्षण मिळवून दिले, तेव्हा त्याही स्त्रियांना लोकापवादाला तोंड द्यावेच लागले. पुढे १९३५ साली मुंबई इलाख्यात परिचारिका व सुइणींच्या नोंदणीचा कायदा झाला आणि या पेशास सरकारी सनद मिळाली. शिक्षिका हे सांगत ते आम्हांस धीर यावा म्हणून. प्रामाणिकपणे सांगायचे तर त्याने मला धीर आला नाही. थोर स्त्रियांचे धैर्य ऐकून मनात आदर उत्पन्न होतो. रात्री दोन वाजता अडलेल्या बाळंतिणीपुढे तो आदर कामाला येत नाही. त्यापेक्षा भोर समितीच्या १९४६ सालच्या अहवालातील एक आकडा, दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे २० मातांचा मृत्यू, माझ्या मनात खोल रुतून बसला, कारण त्या वीसांमध्ये मला माझी मावशी दिसत असे.

धुळ्याच्या प्रशिक्षणाच्या, पांझरेकाठच्या त्या दोन वर्षांत भीती तशी जाणवली नाही. वॉर्डात हाक मारताच वरच्या सिस्टर येत आणि जिना उतरून डॉक्टर येत. उपकेंद्रावर मात्र मी, एक कुलूप न लागणारे दार आणि आसपासची गावे-पाडे मिळून सुमारे दहा हजार वस्ती, असा हिशेब होता. पहिले बोलावणे तिसऱ्याच रात्री आले. मी पोहोचले तेव्हा गावची दाई तेथे आधीच बसलेली होती : साठीच्या घरातील, मातंग घरातील, नाकात चमकी आणि हातांवर गोंदण असलेली. बाळंतीण खांबाला धरून उकिडवी बसली होती. पुस्तकाप्रमाणे तिला उताणे निजवावे म्हणून मी पुढे झाले, तोच त्या दाई-आजीने माझा थरथरणारा हात पाहिला, तो धरून बाळंतिणीच्या पोटावर ठेवला, त्यावर आपला हात ठेवला आणि म्हणाली, "भेऊ नको, माय." ती ते बाळंतिणीला म्हणाली की मला, हे मला आजतागायत उमगलेले नाही. कळ आली की पोट दगडासारखे होई, कळ ओसरली की मऊ पडे. आजी काही न बोलता माझ्या हाताला ते मोजावयास लावीत होती. पहाटे मूल झाले. मग तिने कमरेचा विळा काढला, आणि तेव्हा मात्र मी तिचा हात धरला.

पुढील काही वर्षांत आम्हां दोघींमध्ये जी देवघेव झाली, तिला मी माझे खरे शिक्षण मानते. आजी नाळ विळ्याने कापी व तिच्यावर चुलीतील राख दाबी; त्या राखेतून आणि त्या पात्यातून धनुर्वात येतो, आठव्या दिवशी दूध ओढणे बंद करून ताठ होणारी जी मुले सटवाईच्या खात्यावर लिहिली जातात ती वस्तुतः आपल्या हातून जातात, हे तिला सांगताना माझी जीभ अडखळली; कारण तिच्या चाळीस वर्षांच्या पुण्याईवर मी आरोप ठेवीत होते. ती बराच वेळ गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी उपकेंद्रावर येऊन तिने पाते व दोरा किती वेळ उकळावयाचा ते विचारले, आणि घड्याळ नसल्यामुळे एका आंधणात भात शिजावा इतका वेळ, असे आपले माप ठरवून गेली. उलट, मूल पायाळू आहे की डोक्याकडून, हे बोटांनी ओळखणे, पाणमोट उगाच न फोडणे, वार पडण्याची वाट पाहणे व नाळ न ओढणे, बाईला हवे तसे बसू-फिरू देणे, हे सारे मी तिच्याकडून शिकले. यांतील काही गोष्टी वहीत होत्याच. परंतु वाट पाहण्याचे धैर्य वहीत नव्हते. १९७७ साली ग्रामीण दायांच्या प्रशिक्षणाची देशव्यापी योजना सुरू झाली, तेव्हा ती पहिल्या तुकडीत बसली आणि मिळालेली पेटी तिने देवघरात ठेवली. नवजात बालकांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले. त्या दिवशी वर्तमानपत्र वाचताना मला लसीच्या बरोबरीने आंधणाच्या त्या मापाची आठवण झाली.

येथे एक मृत्यू सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. १९७५ च्या श्रावणात एका पाड्यावर तिसऱ्या खेपेची बाळंतीण सुखरूप मोकळी झाली, मूल रडले, परंतु वार अर्धवट आली आणि रक्त थांबेना. मी अर्गोमेट्रीनचे इंजेक्शन दिले, गर्भाशय आकसावे म्हणून पोट चोळीत राहिले, मूल छातीशी लावले. शिकविलेले सारे केले. तिला आता हवे होते ते रक्त आणि शस्त्रक्रियेची खोली, आणि दोन्ही गोष्टी चिखलाच्या वाटेने नऊ कोसांवर होत्या. एके ठिकाणी मोटार उभी होती. तिच्या इंधनाची मंजुरी आली नसल्याने ती हलली नाही. झोळीतून आणि मग बैलगाडीतून आम्ही तिला नेले. अर्ध्या वाटेत तिने माझे बोट सोडले. नंतर माझी लेखी कैफियत मागविण्यात आली. मी दिली, आणि त्याच दिवशी पेटीतून वडिलांचा तो अर्ज काढून दौतीशेजारी ठेवला.

आजी संध्याकाळी येऊन दारातच बसली; आत ये म्हटले तरी ती कधी आत येत नसे, त्या दिवशी मी तिला हाताला धरून आत आणले. तिने सांत्वन केले नाही. तिने नावे सांगावयास आरंभ केला. अमक्याची सून, मोठा पूर आला त्या वर्षी, तोंडावर सूज होती ती मला कळली नाही. तमक्याची लेक, कापूस वेचणीच्या दिवसांत, मूल आडवे होते, मी उशिरा ओळखले. अशी एकामागून एक नऊ नावे, प्रत्येकीचा ऋतू, आणि प्रत्येकीच्या बाबतीत जी खूण वेळेवर ध्यानात आली नाही ती खूण. तिला अक्षरओळख नव्हती. तरी इतकी चोख नोंद मी कोणत्याही कचेरीत पाहिलेली नाही. तिलाही भीती वाटते, चाळीस वर्षे वाटत आली आहे, आणि त्या भीतीचा एकेक कण तिने एकेका बाईच्या नावाशी बांधून जपून ठेवला आहे, हे मला त्या रात्री प्रथम कळले. नवव्या नावानंतर ती उठली आणि म्हणाली की खालच्या आळीत एकीला कळा सुरू झाल्या आहेत, चलायचे का. मी कंदील घेतला. अर्जावर तारीख घालावयाची राहून गेली. पेटीतल्या त्या अर्जावरची तारखेची जागा आजही कोरीच आहे.

पुढचा काळ झपाट्याने बदलला. १९८८ साली धुळ्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. १९९८ साली धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला आणि सातपुड्यातील वस्त्यांसाठी जिल्ह्याचे ठाणे जवळ आले. २००५ साली जननी सुरक्षा योजना व आशा कार्यकर्त्या आल्या. २०११ पासून सरकारी रुग्णालयात प्रसूती, औषधे, आहार व प्रवास विनामूल्य झाला. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात धावू लागली. आणि २०१८ साली जळगावासही वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. भोर समितीच्या हिशेबाने लाखामागे सुमारे दोन हजार माता दगावत. २०१८ ते २० या कालखंडातील नमुना नोंदणीप्रमाणे महाराष्ट्रात हे प्रमाण ३३ होते. हा आकडा वाचला तेव्हा मी एकटी होते आणि मोठ्याने वाचला.

तथापि या उत्कर्षात एक अन्याय झाला असे माझे स्पष्ट मत आहे. प्रसूती रुग्णालयात व्हावी हे योग्यच. परंतु तेथवर आणताना दाईला आम्ही उंबऱ्याबाहेर ठेवले, आणि तिच्या राखेबरोबर तिचे शहाणपणही अडाणीपणाच्या सदरात टाकले. बाळंतिणीला टेबलावर उताणे बांधल्यासारखे निजवावे, सोबतीचे माणूस बाहेर काढावे, ओरडली तर दटावावे, अशी पद्धत मी डोळ्यांनी पाहिली आहे आणि काही वर्षे मुकाट्याने चालविलीही आहे. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले की बाईला तिच्या पसंतीच्या स्थितीत प्रसूत होऊ द्यावे व तिच्या पसंतीचे माणूस जवळ असू द्यावे. खांबाला धरून उकिडवी बसलेली ती पहिली बाळंतीण मला तेव्हा आठवली. त्याच वर्षाच्या अखेरीस केंद्र शासनाने प्रसाविका-सेवेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. आधीच परिचारिका असलेल्या मुलींना अठरा महिन्यांचे विशेष शिक्षण देऊन सुखरूप बाळंतपणांची धुरा त्यांच्यावर सोपवावयाची, असा तो मार्ग आहे. माझ्याकडे येणाऱ्या मुलींपैकी काहींचा जीव त्यासाठीच घाबरा झालेला असतो.

त्यांना मी सांगते की भीती गेली नाही. ती पोटातून हातात आली, आणि हातात आल्यावर ती नाडी मोजते, पदर भिजला का पाहते, सूज चाचपते. ज्या परिचारिका आज अनुभवी आहेत त्यांच्याकडे मात्र माझे एक मागणे आहे : नवी मुलगी वॉर्डात आली की पहिल्या दहा बाळंतपणांना तिला एकटी सोडू नका, आणि तिच्या हातून पहिला मृत्यू होईल त्या संध्याकाळी तिच्या खोलीवर जा.

१९६९ च्या कायद्यान्वये जन्माची जी नोंद होते, तीत प्रसूतीच्या वेळी कोणाचे साहाय्य होते याचा एक रकाना असतो. माझ्या पहिल्या पाच वर्षांच्या नोंदवहीतील निम्म्याहून अधिक पानांवर त्या रकान्यात माझ्याच अक्षरात "दाई" एवढा एक शब्द आहे. तिचे नाव मी एकदाही लिहिले नाही.