गाडीला गोधडी नको

दापोली तालुक्यातल्या आमच्या घराला मोठे अंगण आहे, पण पावसाळ्यात मोटारसायकल ठेवायला जागा नाही. पडवी सरपणाने आणि गवताने भरलेली. म्हणून मी वर्षानुवर्षे एकच उपाय करीत होतो. जून लागला की गाडीवर ताडपत्री टाकायची आणि खालून सुतळीने करकचून आवळायची.

एका जुलैत रात्री दोन वाजता वडिलांच्या छातीत दुखू लागले. ताडपत्री सोडली, किका मारून मारून पाय भरून आला, गाडी सुरू होईना. शेवटी शेजारच्या रिक्षावाल्या दादांना उठवले. वेळेवर पोहोचलो, वडील वाचले. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने सीट काढून दाखवली. वायरींच्या जोडांवर हिरवट बुरा, साखळी तांबूस आणि खाली उंदराचे घर. तो म्हणाला, “मास्तर, उघड्यावर भिजली असती तरी याहून बरी राहिली असती.”

त्याचे म्हणणे खरे होते. लोखंड गंजायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात; समुद्राकाठचा खारेपणा त्या कामाला घाई करतो. भिजलेली गाडी उघडीप मिळताच वाळते. ताडपत्रीखाली मात्र जमिनीची ओल वर येते, कोंडते आणि रात्री गारव्याने तिचेच थेंब धातूवर बसतात. म्हणजे गाडीला पांघरूण नको, डोक्यावर छप्पर आणि चहूबाजूंनी वारा हवा.

मग मी बांबूच्या चार मेढी पुरून त्यावर पत्रे टाकले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. ताशी १०० किलोमीटरहून जास्त वेगाचा वारा होता. आमचे छप्पर मेढींसकट उडाले आणि शेजाऱ्यांच्या पोफळीत जाऊन पडले. पोफळीही आडव्या झाल्या होत्या, त्यामुळे त्यांनी तक्रार केली नाही.

चूक कुठे झाली? छप्पर म्हटले की आपण पावसाचा भार मोजतो. वारा मात्र ते खालून उचलतो. आठ फूट लांब, पाच फूट रुंद छपराला तशा वाऱ्यात साधारण पावणेदोनशे किलोंची उचल बसते. पत्र्यांचे वजन जेमतेम वीस किलो! तेव्हा छप्पर धरून ठेवायचे ते पायाने. दुसऱ्या वेळी फूटभर लांब-रुंद, दोन फूट खोल असे चार खड्डे काढून काँक्रीट भरले. प्रत्येक खड्ड्यात सव्वाशे किलोंहून जास्त वजन झाले. भंगारातून आणलेल्या पाइपांच्या तळाशी वेल्डिंगवाल्याकडून आडवी सळई लावून घेतली, म्हणजे खांब काँक्रीटमधून निसटत नाही. बांबू वापरायचाच असेल तर तो मातीत पुरू नये, बुडापासून कुजतो.

आठ बाय पाच हे माप एका गाडीला पुरते. उतरायलाही जागा राहते. पुढची उंची सात फूट, मागची सहा. सखल बाजू नैर्ऋत्येला, कारण आपला पावसाळी वारा तिकडून येतो. उंच बाजू तिकडे केली तर छपराची छत्री होते. पत्र्याला भोक नेहमी उंचवट्यावर पाडावे, पन्हळीत नव्हे, आणि हुकाखाली रबरी वायसर घालावा. झड येते त्या बाजूला झावळ्यांचे झाप बांधावे, तेही जमिनीपासून हातभर वर. बाकीच्या बाजू उघड्याच ठेवाव्यात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली साचते. म्हणून न्हाणीच्या बंबाजवळ किंवा चुलीजवळ हे छप्पर मुळीच नको.

खाली जांभ्याचे चिरे, थोडे उंच आणि उतरते बसवावेत. नाहीतर चिखलात साइड स्टँड रुतून गाडी आडवी होते. तिथे सरपण रचू नये, उंदीर त्यासाठीच येतात.

माझा खर्च सहा हजारांच्या आत आला. शहरात सोसायटीच्या आवारात राहणाऱ्यांनी आधी समितीची परवानगी घ्यावी.

एक अडचण तेवढी उरली आहे. छप्पर झाल्यापासून घरातले सगळे ओले कपडे तिथेच वाळत पडतात. सकाळी शाळेला निघताना मला आधी वडिलांचे धोतर बाजूला करावे लागते.